आधी इंजिनाचे दात मोजा, मग पैसे मोजा



बैलबाजारात गेलो की आपण विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, बैलाच्या तोंडात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते आधी बघतो. पाठीवरून हात फिरवतो, गाडीला जुंपून चालवतो आणि मगच भावाचं बोलतो. पण तोच माणूस मोबाईलवर जुन्या इंजिनाचा फोटो पाहतो तेव्हा दोन शब्दांवर भाळतो. ते दोन शब्द म्हणजे ‘ब्रिटिशकालीन’ आणि ‘दुर्मीळ’.

या दोन शब्दांपायी माझे पाच हजार रुपये गेले. आमच्या विहिरीवर वडिलांच्या वेळचं, दोन मोठ्या चाकांचं डिझेल इंजिन होतं. वीज आली, मोटार बसली आणि इंजिन भंगारात गेलं. त्याचा ठक-ठक आवाज मात्र कानातून गेला नाही. दोन वर्षांमागे उसाच्या बिलाचा हप्ता हाती आला आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर तसंच इंजिन दिसलं. “इंग्रजांच्या काळातले, साऱ्या भारतात तीनच शिल्लक, किंमत १ लाख ६० हजार, दोन गिऱ्हाइकं तयार आहेत.” हातचं जाईल या भीतीनं मी इसार पाठवून दिला. नंतर मिस्तरीला फोटो दाखवला. त्यानं पाटीवरचा पत्ता मोठा करून पाहिला अन् म्हणाला, “भाऊ, याच्यावर तं पिन कोड हाये. इंग्रज गेल्यावर पंचवीस वर्सानं पिन कोड आला. मंग हे इंग्रजाचं कसं?”

इसार परत आला नाही. ती या धड्याची फी झाली. सभासदांना हा धडा बिनफीचा मिळावा, एवढ्यासाठी हे लिहितो.

१. मुळात इंजिने किती होती?

आपल्या देशात डिझेल इंजिन ही नवलाची वस्तू कधीच नव्हती. साताऱ्याचा कूपर कारखाना १९२२ सालचा. १९३० नंतरच्या दशकात तिथे डिझेल इंजिने होऊ लागली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला निघाली. राजकोटला तर अनेक लहानमोठे कारखाने इंजिनाच्या धंद्यात उतरले.

‘लिस्टर’ हे मूळ नाव इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या कंपनीचं. तिने १९३० च्या सुमारास ५ अश्वशक्तीचं, मिनिटाला ६०० फेऱ्यांचं संथ इंजिन काढलं. पुढे ते ६ अश्वशक्तीचं आणि ६५० फेऱ्यांचं झालं. त्याच धर्तीची इंजिने राजकोटला वर्षानुवर्षे बनली. त्यांना आपण ‘लिस्टर टाईप’ म्हणतो. ती विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांवर, गुऱ्हाळांवर चालली. भूविकास बँकेच्या कर्जावरही कितीतरी इंजिने खेड्यापाड्यांत आली. तेव्हा दोन चाकांचं संथ इंजिन दिसलं म्हणजे ते विलायती, असं समजू नये. बहुधा ते आपल्याच देशातलं असतं. त्यात कमीपणा काही नाही, पण भाव विलायती लावू नये.

२. इंजिनाचे दात म्हणजे पाटी

बैलाचं वय दातांवरून कळतं, तसं इंजिनाचं वय त्याच्यावरच्या धातूच्या पाटीवरून कळतं. पाटीचा जवळून काढलेला, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा फोटो मागावा आणि पुढील खुणा पाहाव्यात.

(अ) पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल, तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. त्या दिवसापासूनच पिन कोड सुरू झाला.

(आ) पत्त्यात गुजरात किंवा महाराष्ट्र राज्य लिहिलेलं असेल, तर १ मे १९६० नंतरची. राजकोटच्या पत्त्यात सौराष्ट्र राज्य असेल, तर ती त्याआधीची असू शकते, कारण ते राज्य १९५६ साली विलीन झालं.

(इ) आयएसआयची खूण असेल, तर इंजिन इंग्रजी अमलातलं नाही. मालावर ती खूण देण्याची पद्धत १९५५ च्या सुमारास सुरू झाली.

(ई) आरपीएम पाहा. ६०० ते ६५० म्हणजे जुन्या धर्तीचं संथ इंजिन. १५०० म्हणजे वेगवान धर्तीचं. मात्र संथ इंजिनेही पुढे पुष्कळ वर्षे बनत राहिली, म्हणून नुसत्या आरपीएमवरून वय ठरवू नये.

(उ) पाटीवरचा नंबर आणि इंजिनाच्या अंगावर ठोकलेला नंबर जुळतो का, ते पाहा. रिबिटा नव्या कोऱ्या असतील, पाटी जुनी आणि खालचा रंग ताजा असेल, तर पाटी दुसऱ्या इंजिनाची असण्याचा संभव धरावा. आणि “पाटी हरवली” असं म्हणणाऱ्याला वयाचे जादा पैसे मागण्याचा हक्क नाही.

३. नावावर जाऊ नये

एक उदाहरण घ्या. राजकोटच्या एका कंपनीने १९६३ पासून ‘फील्ड मार्शल’ या नावाने डिझेल इंजिने विकली. पंप, पिठाच्या गिरण्या अशा मालासाठी तेच नाव दुसऱ्या कारखानदाराकडे नोंदलेलं होतं. नावाच्या हक्काचा हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यातल्या एका मुद्द्यावर २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इकडे इंग्लंडात गेन्सबरोच्या मार्शल कंपनीचा ‘फील्ड मार्शल’ ट्रॅक्टर १९४५ ते १९५७ या काळात बनत होता. आता कोणी राजकोटचं इंजिन दाखवून “हा तोच विलायतेचा मार्शल” म्हणाला, तर नाव जुळतं, पण वस्तू जुळत नाही.

४. दुर्मीळ कशाला म्हणावे?

तीन प्रश्न विचारावे: किती बनली? किती उरली? आणि आज किती जणांना हवी आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असेल, तर पहिल्या दोन उत्तरांना किंमत नाही. एखादी वस्तू कमी दिसते ती मौल्यवान म्हणूनच असं नाही. कधी ती चालेना म्हणून लोकांनी टाकून दिलेली असते.

‘अँटिक’ आणि ‘विंटेज’ या शब्दांचंही तसंच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे किमान शंभर वर्षांची अट आहे. २०२१ साली विंटेज वाहनांचे नियम आले, ते पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि प्रवासी चारचाकी वाहनांसाठी. विहिरीवरच्या इंजिनाचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे जाहिरातीत हे शब्द विकणाऱ्याने आपल्या मर्जीने घातलेले असतात.

५. किमतीचा तळ आणि माथा

मागितलेली किंमत वेगळी आणि सौदा झालेली वेगळी. मोबाईलवर आपल्याला फक्त मागितलेली दिसते. तीच जाहिरात चार-सहा महिने त्याच आकड्यावर उभी असेल, तर त्या आकड्याला गिऱ्हाईक मिळालेलं नाही, एवढंच सिद्ध होतं. दहा जणांनी एकमेकांचं पाहून लाख-लाख रुपये लिहिले, म्हणजे तो बाजारभाव होत नाही.

हिशेब असा करावा. तळ म्हणजे भंगाराची किंमत. लिस्टर धर्तीचं ६ अश्वशक्तीचं इंजिन चाकांसह सुमारे साडेतीनशे किलो भरतं. समजा, भंगाराचा भाव किलोला ३० रुपये आहे, तर तळ झाला १०,५०० रुपये. माथा म्हणजे तेवढ्याच अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाची दुकानातली किंमत. काम करण्यासाठी घ्यायचं असेल, तर सौदा या दोहोंच्या मधेच बसला पाहिजे, आणि दुरुस्ती व गाडीभाडं त्यातच धरलं पाहिजे. माथ्याच्या वर जाणारे हौशी संग्राहक असतात, नाही असं नाही. पण ते नंबर, साल आणि मूळ सुटे भाग यांचा पुरावा मागतात. आपणही तोच मागावा.

६. जागेवर जाऊन पाहणी

मिस्तरीला सोबत न्यावे. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. आपण पोचण्याआधीच ते तापलेलं असेल, तर थंडीत ते सुरू होत नसावं अशी शंका घ्यावी. चाक हाताने फिरवून दाब धरतो का ते पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही किंवा लोड जास्त आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर जात नसेल, तर नोझल किंवा दाबाचा दोष असेल, नाहीतर पाणी आत जात असेल. तळातलं ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. हेडला व ब्लॉकला तडा किंवा वेल्डिंग आहे का, तेही पाहावे. रिंगा, लायनर, नोझल आपल्या भागात मिळतात का, हे आधी विचारावे. ज्याला सुटा भाग मिळत नाही, ते इंजिन दुर्मीळ खरं, पण ते दुखणं घेणाऱ्याच्या घरी येतं.

७. विकणाऱ्यांनीही सावध असावे

ज्यांच्या गोठ्यात जुनं इंजिन पडून आहे त्यांनाही एक सांगणे. “तुमच्या इंजिनाला पाच लाख मिळतील, आधी नोंदणी फी भरा,” असा फोन आला, तर फी भरू नये. जुन्या नाण्या-नोटांच्या बाबतीत असेच प्रकार झाले. रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी व कमिशन उकळलं जाऊ लागलं, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. खऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे आपल्याकडे यायचे असतात, आपल्याकडून त्याच्याकडे जायचे नसतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तिथे जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. मी लाजेपायी आठ दिवस गप्प राहिलो, ती माझी दुसरी चूक.

थोडक्यात पथ्य एवढेच: पाटी वाचल्याशिवाय वय मानू नये, इंजिन पाहिल्याशिवाय इसार देऊ नये, आणि ‘आजच घ्या’ म्हणणाऱ्याला ‘उद्या येतो’ म्हणावे. चांगला बैल रात्रभर दावणीला राहतो, इंजिनही राहील. उसाला पाणी देऊन, तोडणीची वाट पाहून वर्षाकाठी हाती आलेला हप्ता आहे. तो जुन्या आठवणीवर खर्च करायला हरकत नाही, पण जाहिरातीतल्या थापेवर करू नये.