बाबांकडची माणसं

आमच्या घरात कर्करोगाचं नाव कधी घेतलं गेलं नाही. सांगलीची आजी ‘पोटात पाणी होऊन’ गेली. आत्याच्या छातीत ‘गाठ’ होती, चाळिशीच्या आतच ती गेली. दोन्ही मृत्यूंचं मूळ एक असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आम्ही दोघी बहिणी बंगळूरच्या व्हाइटफील्डला एकाच सोसायटीत राहतो. तिथल्या आरोग्य शिबिरात लाळेचा नमुना घेऊन कॅन्सरची जीन टेस्ट सवलतीत करून देत होते. धाकटीनं ती केली. फॉर्मवर फक्त आईकडच्या नातेवाइकांची चौकशी होती. तिनं ‘कुणालाही नाही’ असं लिहिलं, आणि ते खरंही होतं. अहवाल निर्दोष आला, तशी दरवर्षीची मॅमोग्राफी तिनं सोडून दिली.

पुढे सांगलीच्या आतेबहिणीला सत्तेचाळिसाव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग निघाला. उपचारांसोबत तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि ब्राका-१ या जनुकातला घातक बदल सापडला. आजीचं पोटातलं पाणी आणि आत्याची गाठ तेव्हा कुठे आम्हाला उलगडली.

अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये ते नेमकं हाती लागलं, पुढच्या वर्षी ब्राका-२. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट जोडणं हे या जनुकांचं काम. प्रत्येकाकडे त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली आणि एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की दुरुस्ती थांबते आणि चुका साचत जातात. ब्राका-१ मध्ये घातक बदल असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा, तर सुमारे ४४ जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो. एकूण कर्करोगांत असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच, हेही सांगायला हवं. एरवी प्रत्येक घर उगाच धास्तावेल.

धाकटीचा अहवाल मग निर्दोष कसा? या दोन जनुकांत हजारो वेगवेगळे घातक बदल आजवर सापडले आहेत, आणि शिबिरातल्या तपासणीनं त्यांतली मोजकी ठिकाणंच पाहिली होती. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की घरात जी व्यक्ती आजारी आहे तिची संपूर्ण तपासणी आधी करा, ती असताना करा. बदल नेमका कळला की बाकीच्यांना तेवढाच शोधावा लागतो. खर्च कमी येतो आणि उत्तरही स्पष्ट मिळतं. आमचं तसंच झालं. बाबांमध्ये तो बदल निघाला, धाकटीमध्ये निघाला, माझ्यात नाही. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते.

बाबा कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हते. “माझ्यामुळं पोरीला हे,” एवढंच म्हणायचे. समुपदेशक बाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं, की काका, तुम्हालाही तो तुमच्या आईकडूनच आला, त्यात कुणाचा दोष नाही. पुरुषांनीही गाफील राहू नये, हेही त्यांनी सांगितलं. पुरुषांत प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कर्करोग या बदलांमुळे होऊ शकतो. असं समुपदेशन तपासणीच्या आधीच व्हायला हवं. अहवालात कधी ‘अर्थ अनिश्चित’ असाही शेरा येतो, आणि केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत जनुकीय समुपदेशक असतात. टाटा स्मारक केंद्राचं तर यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

अंडाशयाचा कर्करोग सोनोग्राफीत किंवा रक्ततपासणीत वेळेवर सापडेल याची खात्री नसते. म्हणून ब्राका-१ मध्ये घातक बदल असलेल्यांना, मुलंबाळं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. धाकटीनं तो मानला. स्तनांसाठी तिनं वरचेवर एमआरआय आणि मॅमोग्राफीचा मार्ग निवडला. आतेबहिणीलाही तिच्या निदानाचा उपयोग झाला, कारण ओलापॅरिबसारखी गोळी अशाच रुग्णांत चांगली लागू पडते.

दुसरी आतेबहीण मात्र तपासणीला तयार नाही. “पोरींची लग्नं अडतील,” म्हणते. तिच्यावर जबरदस्ती करणं मला पटत नाही. पण तपासणी नको असेल तरी डॉक्टरांना घराचा इतिहास सांग आणि मॅमोग्राफी चुकवू नकोस, हे मी तिला फोनवर सांगत असते. पोरी अजून शाळेत आहेत. हे आजार मोठेपणीचे असल्यानं अठराच्या आत ही तपासणी करत नाहीत, त्यामुळे पुढे त्यांचं त्याच ठरवतील. आजीला आणि आत्याला नेमकं काय झालं होतं, ते मात्र त्यांना आम्हीच सांगणार आहोत.