वेदना, भावना, समाधी : मराठी बौद्ध साधनाविचारातील तीन शब्द

धर्मांतरोत्तर मराठी बौद्ध वाङ्मयाची चर्चा बहुधा इतिहास, कविता आणि आत्मकथन यांच्या अंगाने होते. ध्यानसाधनेविषयीचे गद्य मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतल्या गेलेल्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचा स्वीकार आहे. त्यामुळे सम्यक समाधीही तत्त्वतः स्वीकारली गेली. परंतु ही साधना नेमकी कशासाठी, याविषयी मराठी बौद्धांत एकवाक्यता नाही. हा मतभेद वरकरणी पद्धतींचा दिसतो. प्रत्यक्षात तो काही शब्दांच्या अर्थात दडलेला आहे.

'समाधी' हा शब्द मराठी कानाला प्रथम आळंदीकडे नेतो. ज्ञानदेवांची संजीवन समाधी आणि गावोगावच्या सत्पुरुषांची समाधिस्थाने यांमुळे देहत्याग व स्मारक हे अर्थ त्याला कायमचे चिकटले आहेत. धर्मानंद कोसंबी यांनी 'समाधिमार्ग' (१९२५) लिहिला तेव्हा हा शब्द त्यांना पुन्हा पालीच्या अर्थाकडे, म्हणजे कुशल चित्ताच्या एकाग्रतेकडे वळवावा लागला. त्यांचा आधार 'विशुद्धिमग्ग' हा आहे. त्या ग्रंथातील ४० कर्मस्थाने साधकाच्या स्वभावानुसार निवडावयाची असतात. एकच साधना सर्वांसाठी नाही, हे परंपरेनेच मान्य केलेले होते; आजच्या वादात त्याचा विसर पडतो. कोसंबी सिंहलद्वीपात भिक्षू झाले आणि ब्रह्मदेशातही राहिले. १९३७ च्या सुमारास परळच्या कामगारवस्तीत 'बहुजन विहार' उभा करणारेही तेच होते. त्यामुळे त्यांना निव्वळ ग्रंथनिष्ठ ठरविणे अन्यायाचे होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' (मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७) मध्ये या शब्दाला आणखी निराळे वळण मिळते. ध्यानावस्थेत चित्ताचे अडथळे काही काळ थांबतात, पण नाहीसे होत नाहीत. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची कायमची सवय लावते, असे तेथील प्रतिपादन आहे. म्हणजे समाधीची कसोटी आसनावरून उठल्यानंतरच्या आचरणात लागते. त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा येतो, हेही या संदर्भात सूचक आहे.

'वेदना' या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला असा कोणताही अनुभव म्हणजे वेदना. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ब्रह्मदेशात शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या 'धम्मगिरी'वर त्यांची १० दिवसांची मौन शिबिरे रुजली. त्या पद्धतीचा गाभा वेदनेचे तटस्थ निरीक्षण हा आहे. वेदना आणि तृष्णा यांमधील दुवा तेथेच तुटावा, हे उद्दिष्ट. तेथे 'संवेदना' हा शब्द रूढ झाला, तो सोयीचाच म्हटला पाहिजे.

पण दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह ही मूल्यत्रयी प्रस्थापित झाली आहे. तेथे वेदना उच्चारायची असते, तिचे कारण दाखवायचे असते. जी केवळ पाहावयाची ती वेदना आणि जिच्यामुळे बोलावयाचे ती वेदना, या दोन अर्थांचा वाचक एकच असतो. विपश्यनेमुळे चळवळीची धार बोथट होते, हा आक्षेप या घर्षणातून येतो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. तटस्थता म्हणजे उदासीनता नव्हे. मात्र आक्षेपकाला पाली येत नाही एवढे म्हणून त्याची बोळवण करणेही योग्य नाही, कारण त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ खरोखरच वेगळा आहे.

भिवंडीतील नारपोलीसारख्या यंत्रमागाच्या परिसरात हा प्रश्न अमूर्त राहत नाही. विपश्यना शिबिराला शुल्क नसते. ते दानावर चालते. परंतु १२ तासांच्या पाळीत, कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराला १० दिवसांची सुटी म्हणजे १० दिवसांची मजुरी. मागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्याला मौनाची गरज अधिक, आणि सवड सर्वांत कमी. अशा श्रमिकांना परवडणारी साधना म्हणजे सायंकाळची सामुदायिक बुद्धवंदना आणि आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात होणारे आंबेडकरांच्या ग्रंथाचे वाचन. या वाचनाला साधना म्हणावे की नाही? सम्यक समाधीचा वर सांगितलेला अर्थ घेतला, तर म्हणावे लागते.

संघरक्षितांच्या प्रेरणेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून वाढलेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाने आनापानसती आणि मेत्ता भावना यांची जोड घातली व वसतिगृहांसारखी कामेही हाती घेतली. येथे तिसरा शब्द अडतो. पालीतील 'भावना' म्हणजे वाढविणे, जोपासणे. मराठीत ती मनात उठणारी ऊर्मी. त्यामुळे 'मेत्ता भावना' हे मैत्रीचे भावविवश स्मरण आहे, असा समज नवख्या साधकाचा सहज होतो. शेतकरी जमीन कसतो त्या अर्थाने 'मैत्रीची मशागत' म्हटले असते, तर तो टळला असता. हा पर्याय रुळला नाही, कारण साधनेच्या परिभाषेसाठी मराठीने पालीकडून शब्द घेतले, आणि शेताकडून, मागाकडून घ्यावयाचे राहून गेले.