विश्वासाविषयींचे प्रश्न आणि लेखणी

वाचनासाठीं शास्त्रभाग : हबक्कूक अध्याय १ व २, स्तोत्र ७३, योहान २०:२४–२९.

मंडळींतील एखादा तरुण त्रैक्याविषयीं अगर पुनरुत्थानाविषयीं शंका विचारूं लागला, म्हणजे त्याचा विश्वास बुडाला असें आपण चटकन म्हणतों. तीच शंका उपदेशकाच्या मनांत आली, तर त्यानें ती कोणापाशीं बोलावी? त्याची भाकरी मंडळीच्या सेवेवर अवलंबून असते. मग तो गप्प राहतो, व जें स्वतःला पटलें नाहीं तें रविवारीं दुसऱ्यांस शिकवितो. म्हणून देवापुढें प्रश्न मांडणें पाप आहे काय, व तो लिहून काढावा काय, ह्या दोन गोष्टींचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

१. शास्त्राचा कित्ता. देशांत जुलूम चालला असतां तूं स्वस्थ कसा, असें हबक्कूक संदेष्ट्यानें प्रत्यक्ष देवास विचारलें. देवानें त्याला दटाविलें नाहीं. उत्तर दिलें, व तें पाट्यांवर स्पष्ट लिहावयास सांगितलें. त्या उत्तराबरोबर संदेष्ट्याची तक्रारही शास्त्रांत राहिली आहे. थोमानें सोबत्यांची साक्ष मानली नाहीं; तरी आठ दिवसांनंतर तो त्यांच्यामध्येंच होता, व तेथेंच प्रभु त्याला भेटला. ७३ व्या स्तोत्राचा कर्ता दुष्टांची भरभराट पाहून डळमळला. परंतु सर्वच बोलून टाकल्यास देवाच्या लेकरांचा घात होईल, ही काळजी त्यानें बाळगली. आपलें डळमळणें त्यानें लपविलेंही नाहीं.

२. आपल्या देशांतील उदाहरण. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत असतां त्यांनीं वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन व कॉलेजच्या मुख्य मिस डॉरोथिया बील ह्यांना पत्रें लिहिलीं. त्रैक्य व ख्रिस्ताचें देवत्व हीं मतें चर्चनें ठरविलेल्या शब्दांत त्यांना मान्य होईनात. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असेंही त्यांनीं विचारलें. आपल्या देशांतील पुरोहितांचें जूं टाकून दिल्यावर दुसऱ्या पुरोहितांचें जूं घेणार नाहीं, असें त्यांनीं १८८५ सालीं कळविलें. सिस्टर जेराल्डिन ह्यांना ह्यांत गर्व दिसला. मिस बील ह्यांनीं धीरानें उत्तरें लिहिलीं. वाद मिटला नाहीं. तरी सिस्टर जेराल्डिन ह्यांनींच तो पत्रव्यवहार जपून एकत्र केला, आणि १९७७ सालीं तो पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला.

बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं रमाबाईंना निराळा अनुभव आला. तोंवर आपण धर्म घेतला होता, पण ख्रिस्त स्वतः आपणांस लाभला नव्हता, अशी साक्ष त्यांनीं १९०७ सालीं दिली. पुढें मूळ भाषांवरून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें काम त्यांनीं १९२२ सालीं मरेपर्यंत चालविलें. हा पालट पत्रांतील वादविवादानें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें पटलें नाहीं तें पटलें असें ज्या बाईनें कधीं म्हटलें नाहीं, तिची साक्ष मानावयास आपणांस जड जात नाहीं. मात्र प्रत्येक शंकेखोराचा शेवट असाच होईल, असें वचन कोणी कोणास देऊं नये.

३. व्यवहारांत काय करावें? आपला काय विश्वास आहे व काय पटत नाहीं, हीं दोन्हीं निरनिराळीं लिहावीं. पुष्कळदां लिहितांना असें दिसतें कीं शंका देवाविषयीं नसून एखाद्या माणसाच्या शिकवणीविषयीं आहे. तें लिहिलेलें प्रथम जो उत्तर देईल अशाला दाखवावें. नव्या विश्वासणाऱ्यांपुढें एकदम टाकूं नये. पण ही सावधगिरी कोणाचें तोंड दाबण्याचें निमित्त होऊं नये. पाळकांनीं प्रश्नकर्त्याच्या नोकरीवर बोट ठेवूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगावें, आणि त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. थोमा शिष्यांमध्यें राहूं शकला, तसा तोही मंडळींत राहूं शकला पाहिजे.

चर्चेसाठीं प्रश्न
१. हबक्कूकाची तक्रार शास्त्रांत कां ठेवली असावी?
२. सिस्टर जेराल्डिन व मिस बील ह्यांच्या उत्तरांपासून पाळकांनीं काय शिकावें?
३. आपल्या मंडळींत शंका कोणापाशीं निर्भयपणें बोलतां येते? कोणापाशींच येत नसेल, तर त्याची जबाबदारी कोणावर?