गेम कार्टूनचा, म्हणून तो लहान मुलांचाच का?

"डॉक्टर, तसं वाईट काही नाही हो त्यात. रक्तबिक्त दिसत नाही, सगळं कार्टूनच आहे." मूल सारखे गेम खेळते ही तक्रार सांगताना पालक पुष्कळदा हे वाक्यही जोडतात. गोंडस चेहरे, यंत्रमानव, परग्रह, रंगीबेरंगी बंदुका असे सारे पाहून गेम लहान मुलांसाठीच असणार, असे वाटणे साहजिक आहे.

टीव्हीला जोडून, कॅसेट घालून गेम खेळलेली पिढी आज स्वतः पालक झाली आहे. त्या काळी मूल काय खेळते हे सोप्यात बसलेल्या आजीलाही दिसत असे. आज गेम मुलाच्या मुठीत असतो आणि आवाज फक्त त्याच्या कानात. म्हणून चित्रावरून परीक्षा न करता, गेम आतून कसा चालतो हे पाहण्याची सवय पालकांनी लावून घेतली पाहिजे. दोन गेमची तुलना केली की हे नीट समजेल.

दोन गेम, रूप सारखे

'रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट' हा गेम २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ या यंत्रासाठी आला. रॅचेट हा मांजरासारखा दिसणारा केसाळ मेकॅनिक आणि क्लँक हा त्याचा चिमुकला यंत्रमानव मित्र. दोघे वेगवेगळ्या ग्रहांवर जाऊन दुष्टांशी लढतात. यातील एक हत्यार तर शत्रूचे चक्क झुडूप करून टाकते! अमेरिकेतील वयश्रेणी मंडळाने हा गेम १० वर्षांपुढील, तर युरोपातील मंडळाने ७ वर्षांपुढील मुलांसाठी ठरविला आहे.

'फोर्टनाइट' हा गेम २०१७ चा. त्याच्या मुख्य प्रकारात शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात. भोवतालचे वादळ मैदान लहान करीत आणते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. येथेही रक्त दिसत नाही, बाद झालेला खेळाडू अदृश्य होतो. तरी त्याची वयश्रेणी अमेरिकेत १३ आणि युरोपात १२ वर्षांपुढील अशी आहे.

दोन्ही कार्टूनसारखे, दोन्हींत परग्रही हत्यारे. मग फरक कोठे आहे? तो कळण्यासाठी पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. खेळताना काय करावे लागते? दोन्हींत नेमबाजी आहे. पहिल्यात समोर बहुतेक यंत्रमानव व राक्षस असतात. दुसऱ्यात माणसांसारखी पात्रे असतात आणि ती बहुधा दुसरे खेळाडूच चालवीत असतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये सांगितले, की हिंसक गेमचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध दिसतो. परंतु अशा गेममुळे खरे हिंसक गुन्हे घडतात असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. म्हणून घाबरून जाऊ नये. पण खेळ संपल्यावर मूल कसे बोलते, कसे वागते याकडे लक्ष ठेवावे.

२. पलीकडे कोण आहे? रॅचेटच्या गेममध्ये मूल एकटे खेळते. फोर्टनाइटमध्ये अनोळखी लोक असतात आणि त्यांच्याशी बोलण्याची सोय असते. पलीकडचा आवाज चौदा वर्षांच्या मुलाचा आहे की चाळिशीच्या माणसाचा, हे आपल्याला ठाऊक नसते.

३. तो संपतो कोठे? पहिल्या गेमला कथा आहे. तो मध्येच थांबवता येतो आणि एक दिवस पूर्ण होतो. दुसऱ्याला शेवट नाही. एक डाव संपला की दुसरा तयार. शिवाय चालू डाव मध्येच थांबवता येत नाही. मूल "पाचच मिनिटं, आई!" म्हणते तेव्हा ते नेहमीच खोटे बोलत नसते. अशा वेळी हातातून मोबाईल हिसकावण्यापेक्षा "हा डाव संपला की बंद" असे आधीच ठरवून घ्यावे.

४. पैसे कोठे जातात? पहिला गेम एकदाच, बरीच किंमत देऊन घ्यावा लागतो. दुसरा फुकट मिळतो, पण आत नवे पोशाख, नाच यांची विक्री सतत चालू असते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत फोर्टनाइटच्या कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केली, अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय आपोआप चालू ठेवली आणि फसव्या बटणांमुळे नको असलेली खरेदी घडली, असे आयोगाचे आरोप होते. त्याच महिन्यात कंपनीने लहान मुलांसाठी बोलणे व खरेदी पालकांच्या संमतीपर्यंत बंद ठेवणारी खाती आणली. मात्र मुलाने वय खोटे भरले, तर या कुंपणाचा उपयोग नाही.

आपल्याकडे चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते, गेमला लागत नाही. २०२० मध्ये पबजीवर आणि २०२२ मध्ये फ्री फायरवर केंद्र सरकारने बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून होती. मुलांच्या वयाचा विचार त्यामागे नव्हता. मोबाईलवर गेम उतरवून घेताना ३+, ७+, १२+ असा आकडा दिसतो, तो अवश्य पाहावा. पण त्यावरून आतला मजकूर कळतो, पलीकडे कोण बोलते हे कळत नाही.

शरीराकडेही लक्ष हवे

गेम कितीही सोज्वळ असला तरी डोळे आणि झोप यांना तो सारखाच. पडद्याकडे टक लावल्यावर पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे होतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहावे. मैदानावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांत लांबचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. तेव्हा रंकाळ्यावरची चक्कर किंवा गल्लीतला फुटबॉल हे डोळ्यांचेही औषध समजावे. झोपेपूर्वी तासभर पडदा बंद ठेवावा.

काही मुलांना झगमगत्या प्रकाशाने फिट येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनमधील लाल-निळ्या झगमगाटाने सुमारे ७०० मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. घरात फिटचा आजार असेल, तर असे गेम देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

वेळेबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी. यात टीव्ही, मोबाईल, गेम सारे आले.

एकट्या मुलावर बंधन घालून भागत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. त्यात मोठी माणसेही सामील झाली, हे महत्त्वाचे. वडिलांच्या हातात मोबाईल असताना मुलाला केलेला उपदेश वाया जातो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मुलाचा खेळण्यावर ताबा राहत नाही, खाणे-झोप-अभ्यास-मित्र यांपेक्षा गेम मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही ते थांबत नाही, ही तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकारासाठी दिली आहेत. निदानासाठी साधारणपणे वर्षभराचा काळ पाहतात; पण सल्ला घेण्यासाठी वर्षभर थांबू नये. मारझोड न करता सीपीआर रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

तात्पर्य काय? रॅचेटसारखा गेम आठ-दहा वर्षांच्या मुलाला, वेळ ठरवून, घरच्यांसोबत खेळायला हरकत नाही. फोर्टनाइटसारखा गेम बारा वर्षांच्या आत नको. पुढेही बोलण्याची सोय बंद, खरेदीला कुलूप आणि खेळ सर्वांसमोर, या अटींवरच द्यावा. कोणताही गेम देण्यापूर्वी अर्धा तास मुलाशेजारी बसून स्वतः पाहावा, जमल्यास खेळावाही. तालमीत मूल पडते, आपटते, तरी आपण निर्धास्त असतो, कारण हौद्याच्या काठावर वस्ताद उभा असतो. गेमच्या काठावर ती जागा आई-वडिलांची आहे.