जळालेल्या जमिनीवर पाय ठेव

भाऊ, गावच्या वनसमितीत यंदा तुझं नाव घातलंय असं कळलं. बरं झालं. होळी झाली की अनेरच्या अभयारण्यापासून बोराडी-कोडीदच्या डोंगरांपर्यंत सगळं रान वाळून कडक होतं, आणि पाऊस पडेपर्यंत रात्री कुठे ना कुठे उतारावर लाल रेघ दिसतेच. तिथं धावण्याआधी माझ्याकडून चार गोष्टी ऐकून जा. काही माझ्या वडिलांच्या आहेत, काही मोठ्या मायच्या, आणि बाकीच्या डोंगरात पाय भाजून घेतलेल्या माणसांच्या.

आधी गवत ओळखायला शिक. सगळं गवत सारखं पेटत नाही. कुसळी गवत कमरेएवढं वाढतं आणि उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरतात; ठिणगी पडली की उभ्या उभ्या पेट घेतं. रोशा गवतात तेल असतं. आपल्या पश्चिम खानदेशात त्या तेलाच्या भट्ट्या चालायच्या, म्हणजे विचार कर. रोशाच्या पट्ट्यात आग शिरली की भडका एकदम वर उठतो, तेव्हा त्याच्या समोर उभं राहायचं नाही. वडील रानात शिरताना एक काडी उपटून बोटाभोवती वाकवून बघायचे. पहाटे ती जराशी वाकते. दुपारी दोनला, पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असताना, तीच काडी कटकन मोडते. मोडली तर त्या वेळी बिडीसुद्धा पेटवायची नाही आणि पेटलेल्या रानावर सरळ चालूनही जायचं नाही. ही परीक्षा आजही खोटी ठरलेली नाही.

आता जरा कडू बोलतो. हे वणवे आभाळातून पडत नाहीत. आपल्याकडे बहुतेक आगी माणसाच्या हातानं लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, ती पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं जाळतात. नवं गवत लवकर यावं म्हणून कुणी कुरणच पेटवतो. खाली शेतात गव्हाचं काड, पऱ्हाट्या, धुऱ्यावरचं गवत भर दुपारी पेटवून माणूस जेवायला घरी जातो आणि आग वर डोंगरात चढते. सूड म्हणून लावलेल्या आगी थोड्या. बाकी सगळा आळस आणि घाई.

मोठी माय मोहाखाली कधी काडी ओढायची नाही. आदल्या संध्याकाळी खराट्यानं झाडाखालची गोल जागा झाडून लख्ख करायची, पाला बाजूला ढीग करून गोठ्यात न्यायची. हल्ली जुनी साडी नाहीतर हिरवी जाळी अंथरतात, तेही उत्तम. फुलाला माती लागत नाही आणि भावही बरा येतो. तेंदूची झुडपं कोयत्यानं छाटली तरी पालवी फुटते. हे तू घरोघर जाऊन सांग, विशेषतः बायकांना, कारण मोह वेचायला त्याच जातात. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांग, पण ते शेवटी. धाक दाखवला की लोक लपून आग लावतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं नव्वदच्या दशकापासून आपलं जंगल राखलं, चैत्राम पवारांना २०२५ साली त्याबद्दल पद्मश्री मिळाली. तिथं नियम गावानं बसून ठरवले, म्हणून ते टिकले.

जाळरेषेचं काम फेब्रुवारीतच उरकायचं. वनखातं त्यांच्या रेषा घेतं. आपण पाड्याभोवती, गोठ्याभोवती आणि कडब्याच्या गंजीभोवती घ्यायच्या. गवत मुळापासून खरवडून मातीचा उघडा पट्टा दिसला पाहिजे. गंजी विजेच्या तारांखाली कधीच रचायची नाही. वैशाखातल्या वाऱ्यात तार तारेला लागते आणि ठिणग्या खाली पडतात.

आता प्रत्यक्ष आगीचं. हे नीट ऐक, कारण यात चूक झाली तर दुसरी संधी नसते. आग चढावर पळते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुपटीनं वाढतो, असं आगीचा अभ्यास करणारे सांगतात. माणसाचा वेग मात्र चढावर निम्मा होतो. म्हणून खाली आग आणि वर तू, असं कधीही होऊ द्यायचं नाही. नाळीत तर मुळीच शिरायचं नाही, तिथून धूर आणि झळ चुलीच्या धुराड्यासारखी वर ओढली जाते. दिवसा वारा डोंगर चढतो, रात्री उतरतो. वावटळीचा मात्र भरवसा नाही. आगीला तोंड असतं, दोन बगला असतात, शेपूट असतं. शेपटाकडून सुरुवात करायची, बगलेनं झोडत झोडत तोंडाकडे सरकायचं, आणि एक पाय कायम जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर ठेवायचा. जे पुरतं जळून गेलं ते पुन्हा जळत नाही. वारा फिरला तर तिथंच मागे सरायचं.

अमेरिकेत मोंटाना राज्यात मान गल्च नावाची गवताळ घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ ला तिथं आग विझवायला विमानातून छत्रीनं उतरलेल्या जवानांच्या मागे चढावर आग लागली. त्यांच्या म्होरक्यानं, वॅगनर डॉजनं, पळता पळता थांबून पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या ताज्या राखेत पालथा पडला. बाकीच्यांना हाका मारल्या, पण कुणी आलं नाही. ते वर पळत राहिले. तेरा जण गेले. डॉज वाचला. असा प्रयोग तू करू नकोस. पण जीवावर बेतलं तर पळायची दिशा काळ्या जमिनीकडची, हे डोक्यात पक्कं बसव.

ज्वाळा छातीपर्यंत असतील तर डहाळ्यांनी आग विझत नाही. मग माघारी ये, पुढच्या वाटेवर नाहीतर नाल्यावर थांब आणि तिथलं गवत साफ कर. ज्वाळा गुडघ्याएवढ्या असतील तर करंज, निंब, निरगुडीची हिरवी पानगच्च डहाळी घ्यायची. ती उंच उगारून आपटायची नाही, त्यानं ठिणग्या उडतात. दाबायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढायची. कामाची वेळ पहाटेची किंवा रात्रीची. अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉटचा शर्ट आणि रबरी चप्पल वितळून कातडीला चिकटते. एकटा कधी जाऊ नकोस. निघण्याआधी वनरक्षकाला फोन कर, नाहीतर १९२६ वर. उपग्रहावरून आगीची सूचना येते, पण तो ठरावीक वेळांनाच वरून जातो. डोंगराखालचा माणूस त्याच्या आधी धूर बघतो.

आग लागो न लागो, ऊन माणसाला आधी पाडतं. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, आळीपाळीनं सावलीत बसायचं. कुणी बरळायला लागला किंवा घाम थांबून अंग तापलं, तर आग राहू दे. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि १०८ ला बोलव. भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी सोडायचं. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावायचं नाही.

ज्वाळा विझल्या की पोरं घरी पळतात, आणि दुसऱ्या दुपारी तोच डोंगर पुन्हा पेटतो. वाळलेला शेणाचा पो वरून राखेसारखा पांढरा दिसतो, आत मात्र लाल असतो. तसंच जुन्या सलईचं खोड, अंजनाचा बुंधा, जमिनीतली मुळी. हाताचा पंजा उलटा करून वरून धरायचा, झळ लागली की उकरून माती कालवायची. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थच्या माळावर २०१८ च्या उन्हाळ्यात अशी आग लागली की लष्कर बोलवावं लागलं. तिथली काळी माती कुजक्या झाडोऱ्याची असते, तीच आतून धुमसत राहते. आपल्याकडे तेवढं नाही, पण दोन दिवस फेरी हवीच. उभं पोकळ झाड पेटलं असेल तर त्याच्या खाली थांबू नकोस, आणि शक्य असेल तर ते वाचव. १८८४ नंतर कुणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो अशा ढोलीतच घरटं करतो.

जळालेल्या डोंगरावर यंदा गुरं घालू देऊ नका. नवी पालवी लुसलुशीत दिसते, पण मुळं धरायच्या आत ती उपटून येते आणि पहिल्या पावसात माती राखेसकट अनेरमध्ये उतरते. मृगाच्या आधी उतारावर आडवे दगड लावायचे आहेत, तेव्हा समितीच्या बैठकीत तो दिवस ठरवून घे.