गोव्याला गेला होतास का?

डोंबिवली (पूर्व)
नागपंचमी

चि. सुमेध यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे, आत्या" म्हणून ठेवून देतोस आणि मग माझा आवाज चढतो. म्हणून लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही.

परवा फडके रोडवर माझ्या जुन्या ऑफिसातली एक जण भेटली. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाली, तुझा भाचा त्या मसालेवाल्यांच्या टीव्ही जाहिरातींचा प्लॅन बघतो ना? दिवाळीच्या बजेटचे साठ टक्के एकाच चॅनेलवर टाकतोय म्हणे. मी म्हटलं, रेट चांगला मिळाला असेल. तर ती म्हणाली, आणि त्याच चॅनेलने गेल्या महिन्यात काही प्लॅनर मंडळींना गोव्याला नेलं होतं, तीन रात्री, त्यात तोही होता. चॅनेलचं नावही सांगितलं तिने. मी इथे लिहीत नाही.

गेला होतास का? हो की नाही, एवढंच कळव.

समज, नव्हता गेलास. ऐकीव गोष्ट आहे, या धंद्यात जिभा लांब असतात हे मला ठाऊक आहे. तरी साठ टक्के एका ठिकाणी, हे मला पटत नाही. तुझी शीट मी पाहिलेली नाही, पण न बघता सांगते: वर मोठ्या अक्षरात जीआरपी, शेजारी सीपीआरपी, म्हणजे एक रेटिंग पॉइंट केवढ्याला पडला तो आकडा, आणि मागच्या वर्षीपेक्षा तो कमी झाल्याचा हिरवा बाण. क्लायंट खूश. अरे, पण चारशे जीआरपी म्हणजे ऐंशी टक्के लोकांनी पाच वेळा पाहिलं असंही असतं, आणि चाळीस टक्क्यांनी दहा वेळा पाहिलं असंही. बेरीज तीच. एका चॅनेलच्या साडेसात, आठ आणि साडेआठच्या मालिका घेतल्यास तर त्या बघणारी बाई एकच असते, सोफाही तोच, रिमोट हलतसुद्धा नाही. हे म्हणजे पंगतीत वाढप्याने पहिल्याच रांगेला चौथ्यांदा जिलबी वाढावी आणि शेवटच्या रांगेची पानं कोरडी राहावीत.

तुझ्याच घरचं बघ. जून महिन्यापासून तुझी जाहिरात चालू आहे ना? तुझ्या आईला ती पाठ झाली आहे. पोळ्या लाटताना समोर मालिका चालू असते, ब्रेक लागला आणि ती मसाल्याची बाई दिसली की म्हणते, आली बाई पुन्हा, आणि आवाज बंद करते. आणि दादा? दादा मालिका बघत नाही हे तुला मी सांगायला नको. दुकान वाढवून आला की सातच्या बातम्या, मॅच असली तर मॅच, आणि रविवारी दुपारी जुना सिनेमा लागला तर अर्धा. मुलाने केलेली जाहिरात कधी लागते म्हणून बिचारा बातम्यांचे ब्रेकसुद्धा न उठता बघतो. दोन महिन्यांत त्याला ती एकदाही दिसलेली नाही. मला फोनवर विचारत होता, "बंद झाली का गं?" मी काय सांगणार! आणि मसाला कुठला आणायचा हे तुमच्या घरात ठरवतो कोण, ते तुला माहीत आहे. अख्ख्या गल्लीचं तोच ठरवतो, काउंटरमागे उभा राहून.

दादासारखी माणसं टीव्ही थोडा बघतात, म्हणून ती महाग पडतात. त्यांच्यासाठी बातम्या घ्याव्या लागतात, सिनेमे घ्यावे लागतात, दुसरं चॅनेल घ्यावं लागतं. सीपीआरपी वाढतो, बाण लाल होतो. होऊ दे. तू फक्त एवढं बघ, की पुढच्या दहा लाखांत नवी माणसं किती मिळतात. समज, याच चॅनेलवर आणखी दहा लाख घातले तर रीच बासष्ट टक्क्यांचा त्रेसष्ट होतोय, आणि ज्याला तुम्ही महाग म्हणता त्या चॅनेलवर घातले तर बासष्टचा सहासष्ट. मग महाग कोण? चॅनेलचा सेल्सवाला ही ओळ कधी मांडणार नाही, त्याचं ते कामच नाही. ती तू मांडायची. म्हणून तर परत परत विचारतेय, सुमेध, गोव्याला गेला होतास का? कारण पाहुणचार घेतलेल्या माणसाला ही ओळ दिसत असूनही दिसत नाही.

"सॉफ्टवेअरनेच तसं काढून दिलं" हे मला सांगू नकोस. ऑप्टिमायझरला तू जी बंधनं घालशील त्यांच्या आत तो चांगलं काढतो. एका चॅनेलचा वाटा साठ टक्के असं आधीच बांधून दिलंस, तर उरलेल्या चाळीसात तो काय चमत्कार करणार? शिवाय त्याच्या पोटात मागच्या आठवड्यांचा डेटा असतो. त्यात एखादा महाएपिसोड असेल, तर त्या स्लॉटचं रेटिंग फुगलेलं. गणपतीत संध्याकाळी आरत्या असतात, माणसं टीव्हीसमोर नेहमीसारखी बसत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? आणि नमुना! रेटिंग काढणाऱ्या बार्कची देशभरातली घरंच मोजकी. त्यातून महाराष्ट्र-गोवा, त्यातून लहान शहरं, त्यातून अमुक वर्गातल्या अमुक वयाच्या बायका, असं तू कापत गेलास की शेवटी एखाद्या छोट्या कार्यक्रमाचं रेटिंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांवर उभं राहतं. त्यांतली दोन घरं लग्नाला गावी गेली की तुझा आकडा कोसळला. एका आठवड्यावर विसंबू नकोस, चार आठवड्यांची सरासरी घे, आणि दशांशाच्या दुसऱ्या घरावरून क्लायंटसमोर छाती काढू नकोस.

तीनदा दिसल्याशिवाय जाहिरात लागू पडत नाही, हे अजून शिकवतात का तुम्हाला? क्रुगमनने १९७२ साली ते मांडलं तेव्हा तो मनातल्या तीन पायऱ्यांबद्दल बोलत होता, घड्याळ लावून तीन वेळा दाखवा असं नव्हे. पुढे नव्वदीत एफ्रनने उलटं सांगितलं, की माणूस खरेदीला निघायच्या सुमारास एकदा दिसलात तरी पुष्कळ. मला विचारशील तर मसाल्याला तेच लागू. दर आठवड्याला थोडं, जास्तीत जास्त घरांत, दिवाळीपर्यंत सलग.

आमच्या वेळी हे डोकं चालवावंच लागलं नाही. १९८७ साली मी नुकतीच लागले होते, रविवारी सकाळी रामायण असायचं. एक दूरदर्शन, एक मालिका. तिथे स्पॉट मिळाला की रीचचा प्रश्न संपला, प्रश्न फक्त स्पॉट मिळवण्याचा. खरी कसोटी नंतर लागली, चॅनेलं वाढली तेव्हा. चॅनेलं वाढली आणि भेटीही वाढल्या. दिवाळीला आधी सुकामेव्याचे डबे, मग घड्याळं, मग बाहेरगावच्या "कॉन्फरन्स". माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता, आमच्या सगळ्यांत हुशार. आकडा बघून सांगायचा की हा आठवडा खोटा आहे. त्याला हळूहळू सवय लागली. मी बघत होते. आपल्याला काय करायचंय, कशाला वाईटपणा घ्या, म्हणून गप्प बसले. एक दिवस त्याला बोलावून घेतलं आणि संध्याकाळी त्याचं टेबल रिकामं. त्याने कधी फोन केला नाही, मीही केला नाही. बढत्या मिळाल्या, डोंबिवलीत घर झालं, रिटायर झाले, पण त्याला तेव्हाच एकदा बाजूला घेऊन दोन शब्द बोलायला हवे होते, ही बोच काही गेलेली नाही. आता तुझ्याबाबतीत गप्प बसायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. तुला राग आला तर येऊ दे.

आणि काळही बदललाय. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी ते टीआरपीचं प्रकरण बाहेर काढलं, पॅनेलमधल्या घरांना पैसे देऊन चॅनेल लावून ठेवायला सांगितल्याचं. तू तेव्हा कॉलेजात होतास. बातम्यांच्या चॅनेलांची रेटिंगं बंद झाली ती थेट २०२२ च्या मार्चात परत आली. तेव्हापासून या धंद्यातल्या प्रत्येकाकडे लोक जरा वाकड्या नजरेनेच बघतात. तीन रात्रींच्या हॉटेलाने तुरुंग होत नाही, कबूल. पण नाव तोंडी लागतं. फडके रोडवर भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी लागलंच की नाही?

बरं, आणखी एक. चिवडा मसाल्याची पाकिटं बार्शीला दादाच्या दुकानात अजून पोचलेली नाहीत. दादा म्हणाला, एजंट म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. प्लॅनला बसण्याआधी क्लायंटकडून माल कुठे कुठे पोचलाय त्याची यादी मागून घेत जा. मी दिवाळीला बार्शीला यायचे तेव्हा दादा दरवर्षी हेच सांगायचा, की गिऱ्हाईक टीव्ही बघून विचारायला येतं आणि मी हात हलवत उभा. मी हसण्यावारी न्यायचे. मुंबईची ना मी!

फार बोलले. तू लहानपणी काउंटरवर बसून सुटे पैसे परत करायचास, चार आणे जास्त गेले तरी गिऱ्हाइकामागे धावायचा नाहीस, पण चार आणे कमी दिले गेले तर मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जायचास. तो मुलगा कुठे जात नाही, हे मला आत कुठेतरी माहीत आहे. पण मुंबईत एकटा आहेस, खोलीचं भाडं आहे, वरचे लोक "चल रे, सगळेच जातात" म्हणतात, आणि पंचविशीत नाही म्हणणं किती जड जातं ते मला विचार.

गेला असलास तर असं कर. तुझ्या बॉसला मेल लिही, की गेलो होतो, माझ्या वाट्याचा खर्च देतो, आणि दिवाळीचा प्लॅन दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एवढंच, जास्त खुलासा नको. पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, हिशेब नको. आणि त्यावरून नोकरी गेली तर जाऊ दे. माझी मागची खोली रिकामी आहे, लोकलचा पास मी काढून देईन.

दादाला आणि तुझ्या आईला यातलं काही बोललेले नाही, बोलणारही नाही. दादाला फक्त सांगितलंय की जाहिरात चालू आहे, बातम्यांत यायला जरा वेळ लागेल. एखादा स्पॉट तेवढा सातच्या बातम्यांत टाक रे. रीचसाठी म्हणून टाक, कुणी विचारलं तर.

शनिवारी रात्रीच ये. लॅपटॉप आण, रविवारी सकाळी दोघं मिळून शीट उघडू, माझा नवा चष्मा चांगला आहे. पुरणाची दिंडं केलीत, तुझी वेगळी काढून ठेवते. आणि महिन्याभराचे साठलेले शर्ट घेऊन ये, मशीन माझ्या एकटीसाठी लावायला जिवावर येतं.

तुझी,
आत्या