अधांतरी बसलेला खडा

नांदेडास गोदावरीच्या काठी नगीनाघाट आहे. शीख परंपरेत अशी कथा सांगतात की, एका भक्ताने अर्पण केलेला मौल्यवान नगीना गुरू गोविंदसिंगांनी येथे नदीत टाकला. भक्त खिन्न झाला, तोच त्याला पाण्यात तसे असंख्य नगीने दिसू लागले. नगीना म्हणजे अंगठीत बसवावयाचा खडा. सहलीत आम्ही हा अर्थ सांगत असता आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, लातूरच्या माझ्या मावशीच्या अंगठीतला खडा अधांतरी आहे. खाली कोंदण नाही, वर नख्या नाहीत. मग तो पडत का नाही?" प्रश्न मार्मिक होता. घाटावर त्याचे नीट उत्तर देणे जमले नाही, म्हणून ते येथे देतो.

आपल्याकडील जुने काम कुंदनाचे. त्यात घरात लाख भरून वर खडा ठेवतात आणि शुद्ध सोन्याची अतिपातळ पाने त्याच्या कडेने दाबीत जातात. शुद्ध सोने इतके मऊ असते की, अग्नीवाचून केवळ दाबाने ते एकजीव होते. म्हणजे येथे सारी भिस्त मऊपणावर. मावशींच्या अंगठीत नेमके याच्या उलट आहे. तेथे धातूचा ताठपणा खडा धरतो. जर्मनीतील नीसिंग या पेढीने १९७९ साली काढलेल्या अंगठीमुळे ही रीत विशेष प्रसिद्धीस आली.

दोरीवर धोतर वाळत घालताना आपण चिमटा लावतो. तो दाबून उघडावा लागतो; सोडताच मिटतो आणि कापड धरून ठेवतो. ही अंगठीही तसाच चिमटा होय, मात्र तिला वेगळी कमान नाही. कडेच स्वतः कमान असते. यासाठी प्लॅटिनम किंवा सोन्याचा कठीण मिश्रधातू घेतात व तो थंड असतानाच ठोकून, दाबून अधिक ताठ करतात. कड्यात फट ठेवतात, ती खड्याच्या रुंदीहून किंचित अरुंद. फटीच्या दोन्ही तोंडांशी खड्याच्या कडेबरहुकूम बारीक खाचा कोरतात. मग यंत्राने कडे जरासे फाकवून खडा खाचांत ठेवतात आणि हळूच सोडतात. कडे पूर्वस्थितीस येऊ पाहते, खडा आड येतो. ताण जितका, तितका प्रतिकार, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. मात्र मर्यादेपलीकडे फाकविल्यास धातू वाकलेलाच राहतो आणि पकड जाते.

हा दाब सोसण्यास खडाही तसाच लागतो. हिरा, माणिक, नीलम चालतात. पाचूत बहुधा अंतर्गत भेगा असतात, त्यामुळे तो तडकण्याची भीती. मोती तर याहून मऊ. काही अंगठ्यांत खालून लपविलेला आधार असतो व खडा केवळ अधांतरी भासतो. बाजारात तशाच पुष्कळ दिसतात.

पुढे असे कळले की, मावशींना अंगठी घट्ट होऊ लागली असून ती सोनाराकडून वाढवून घेण्याचे घरी ठरत आहे. साध्या अंगठीस कापून, तुकडा घालून, डाग लावून वाढविता येते. येथे तसे केल्यास अनर्थ होईल. तापविलेला धातू मऊ पडतो, ठोकून आणलेला ताठपणा नाहीसा होतो आणि खडा हातातून केव्हा गळेल याचा नेम राहत नाही. जिने ती घडविली त्या पेढीकडेच ती द्यावी, असे आम्ही मुलीकरवी कळविले. अंगठी तूर्त डबीत आहे.